तुम्ही विचारलंत म्हणून : झाकण उघडल्यावर वायफाय जातं कुठे?

मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एकेक यंत्र चालवणारे प्रोग्रॅम, लिहितो आणि राहतो आर्वी तालुक्यातल्या एका गावात. गावात माझी ओळख 'कम्प्युटरवाला' एवढीच, त्यामुळे लोक लॅपटॉप काखेत मारूनच येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "भाऊ, झाकण लावलं का वायफाय मरते. उघडलं तरी येत नाही. पुरा बंद करून चालू केला का मंग येते. काय भानगड हाय?"

झाकण लावलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आधी चालू प्रोग्रॅम गोठवतो, मग एकेका ड्रायव्हरला सांगतो, आपापलं यंत्र झोपवा. जुन्या पद्धतीच्या झोपेत, म्हणजे एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाच्या भाषेत एस-3 मध्ये, रॅमला वीज मिळत राहते आणि बाकी बहुतेक सगळ्यांची तोडली जाते. वायफाय कार्डाची वीज गेली की त्याची रजिस्टरं, म्हणजे सेटिंग ठेवायचे छोटे कप्पे, पुसली जातात, आत भरलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, तेही जातं. ड्रायव्हर मात्र रॅममध्ये शाबूत असतो. झाकण उघडल्यावर ड्रायव्हरला सगळं आठवत असतं आणि कार्डाला काहीच आठवत नसतं. ड्रायव्हर म्हणतो, फर्मवेअर तर भरलंय, चला कामाला. कार्ड कोरं. बंद-चालू केल्यावर वायफाय येतं, कारण तेव्हा ड्रायव्हरही कोरा असतो आणि पहिल्यापासून सगळं भरतो.

म्हणून माझं मत सरळ आहे : यंत्र पहिल्यांदा सुरू करणारा कोड आणि झोपेतून उठवणारा कोड शक्यतो एकच असावा. चार रजिस्टरं जपून ठेवायची आणि उठल्यावर परत लिहायची, ही हुशारी चिपची पुढची आवृत्ती येईपर्यंत चालते. पाचवं रजिस्टर कधी वाढलं ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मग येतो क्रम. टचस्क्रीन बसलेली असते आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांना निरोप पोचवणाऱ्या तारांवर. बस आधी झोपली तर टचस्क्रीनला 'झोप' हा निरोप द्यायचा कुठून? म्हणून आधी लेकरं झोपतात, मग आईबाप, उठताना उलटं. कर्नल या वंशावळीचा क्रम स्वतः पाळतो. पण एखाद्या चिपला वीज तिसऱ्याच रेग्युलेटरकडून येते, घड्याळाचा सिग्नल चौथ्याकडून, आणि ही नाती वंशावळीत नसतात. ती ड्रायव्हरला सांगता यावीत म्हणून 2017 च्या 4.10 आवृत्तीत डिव्हाइस लिंक आल्या. क्रम चुकला तर काय होतं हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. वावरातल्या पंपांना सगळ्यांनी ऑटो लावून ठेवलेलं असतं. लाइन आली की डीपीवरचे सगळे पंप एकदम ओढ घेतात आणि डीपी बसते. महावितरण ऑटो काढा म्हणून सांगून थकलं.

इंटरप्टचा, म्हणजे यंत्रानं प्रोसेसरला मारलेल्या हाकेचा, त्रास आणखी वेगळा. एकच लाइन दोन यंत्रं वापरत असतील तर शेजाऱ्याच्या हाकेला झोपलेल्या यंत्राचा ड्रायव्हरही उठतो आणि वीज नसलेल्या पीसीआय कार्डाचं रजिस्टर वाचतो. उत्तर येतं सगळे बिट 1. ड्रायव्हरला ते 'सगळ्या घटना एकदम घडल्या' असं वाटतं आणि तो धावपळ सुरू करतो. झोपवण्याचा शेवटचा टप्पा ड्रायव्हरांच्या इंटरप्टच्या हाका थांबवूनच चालतो, तो यासाठी.

यात खरा जीव काढते ती चूक शोधणं. मशीन उठताना अडकलं की स्क्रीन काळी, कीबोर्ड मेलेला, आणि काय झालं ते लिहून ठेवायला डिस्कही जागी नाही. सक्तीनं बंद केलं की रॅममधला पुरावाही गेला. मग टिकतं काय? बॅटरीवर चालणारं घड्याळ, आरटीसी. पीएम-ट्रेस नावाची सोय कर्नलमध्ये आहे ती नेमकं याचा फायदा घेते : प्रत्येक यंत्र उठवताना त्याच्या नावाचा एक आकडा त्या घड्याळात तारीख-वेळ म्हणून लिहून ठेवते. मशीन पुन्हा सुरू केलं की कर्नल घड्याळ वाचतो आणि कोणत्या यंत्राशी तो आकडा जुळतो ते सांगतो. एकच आकडा कधी दोन-तीन यंत्रांशी जुळतो, तेवढं चालवून घ्यायचं. तपास संपेपर्यंत लॅपटॉपची तारीख भलत्याच सालात असते आणि ब्राउझर सगळ्या साइट असुरक्षित म्हणून बोंब मारतो. इतका बेरकी जुगाड मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एस-3 नसतंच. सगळं नावापुरतं जागं ठेवून हळूहळू खालच्या पातळीवर नेलं जातं. त्यात एखादं यंत्र जरी नीट झोपलं नाही तरी अख्खी चिप खोल झोपेत जाऊ शकत नाही. मे महिन्यात असा लॅपटॉप पिशवीत घालून नागपूरहून एसटीनं या : उतरेपर्यंत बॅटरी संपलेली आणि पिशवी तापलेली. ऊन बाहेरचं किती अन् आतलं किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता तुमच्या वायफायचं. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर झाकण उघडल्यावर मशीन बंद करू नका. वायफायचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये भरलेला ड्रायव्हर (कार्ड नव्हे), फक्त काढा आणि परत घाला. वायफाय आलं तर कार्ड ठीक आहे आणि ड्रायव्हरच्या उठण्याच्या कोडवर दाट संशय. आधी नवा कर्नल टाकून पाहा, बऱ्याचदा कोणीतरी ते दुरुस्त केलेलं असतं. तरीही नाहीच जमलं तर डीमेसगमधला, म्हणजे कर्नलच्या नोंदींमधला, झाकण लावल्यापासून पुढचा मजकूर फाइलमध्ये घेऊन या. मोबाइलवर स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका, त्यात नेमकी कामाचीच ओळ कापलेली असते.