जमा चोवीस, खर्च दोनशे

आमच्या डाव्या स्पीकरचा ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा भोंगा, गणपतीच्या आधी आठ दिवस जळला. आळ दिराच्या मुलावर आला, कारण तेव्हा त्याच्या पथकाचं ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लागलं होतं. बटणावर हात माझा होता, हे मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

स्पीकर ह्यांच्या हॉस्टेलच्या काळातले, १९९६ चे. मागच्या स्टिकरवरचे तीनच आकडे आता वाचता येतात: ८ ओहम, ८६ डीबी (डेसिबल), ६० वॅट. जुना ॲम्प्लिफायर गेला म्हणून मी तळहाताएवढा क्लास डी (फारसा न तापणारा) ॲम्प्लिफायर मागवला. खोक्यावर ठळक अक्षरात ‘१०० + १०० वॅट’. साठच्या स्पीकरला शंभरचा ॲम्प्लिफायर झेपायचा कसा, या धास्तीने महिनाभर मी बटण निम्म्याच्या पुढे नेलं नाही. सकाळी तानपुरा आणि ख्याल, एवढ्याला तेवढं पुष्कळ होतं.

ढोलाला पुरेना. रेकॉर्डिंग चांगलं होतं, म्हणजे ठोका आणि दोन ठोक्यांमधली शांतता यांत खरं अंतर होतं. त्यामुळे एकूण आवाज बारीक वाटायचा. मी बटण फिरवत गेले. आवाज फाटायला लागला, पण ताशा मुळात फाटकाच वाजतो, अशी माझी समजूत. मग डावीकडची झांज गेली ती गेलीच.

दुरुस्तीवाल्याने मीटर लावला. ट्विटरची कॉइल ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. पण स्पीकरकडे त्याचं लक्षच नव्हतं. “ते ऱ्हाऊ दे वहिनी, अडॅप्टर आणलाय काय?”

अडॅप्टर १२ व्होल्ट, २ ॲम्पियरचा. मी टॅक्स कन्सल्टंटकडे हिशेब लिहिते, आणि १२ गुणिले २ मला कधी करावंसं वाटलं नाही! जमा २४ वॅट, खोक्यावर खर्च २००. त्यातही ८ ओहमच्या स्पीकरला मिळणार किती? व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट: १४४ भागिले १६, म्हणजे ९. आवाज न फाटता फार तर नऊ वॅट. (नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराची, फुगवून सांगितलेली ताकद) लिहायचे, त्याच घराण्यातला हा आकडा.)

मग नऊ वॅटनी साठ वॅटचा स्पीकर कसा जळला? इथे माझं डोकं अडलं होतं. ते साठ वॅट अख्ख्या स्पीकरचे, आणि त्यातला बहुतेक वाटा वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या भोंग्याचा. ट्विटरची बारीक कॉइल सतत काही मोजकेच वॅट सोसते, कारण गाण्यात वरच्या सुरांची ताकद थोडीच असते. ॲम्प्लिफायरची शीग लागली की ढोलाचा ठोका वरून कापला जातो, तो आणखी वाढत नाही. पण झांजेचा बारीक आवाज बटणाबरोबर वाढतच राहतो. शिवाय कापलेल्या ठोक्यातून नवीनच तीक्ष्ण सूर निघतात, तेही ट्विटरकडेच जातात.

रात्री वहीत खोलीचाही हिशेब मांडला. ८६ डीबी म्हणजे एका वॅटला एक मीटरवरचा आवाज. माझी खुर्ची तीन मीटरवर, तिथे साडेनऊ वजा. दोन स्पीकर म्हणून तीन अधिक. भिंती परत देतात ते सोडलं तरी एका वॅटला ८० च्या आसपास, आणि रोजचं ऐकणं त्याच्याही खाली. पण ठोका सरासरीच्या २० डीबी वर उसळतो, आणि दर १० डीबीला दहापट वॅट लागतात. म्हणजे सरासरी एका वॅटवर ऐकायचं तर ठोक्याला शंभर हवेत! माझ्याकडे नऊ.

आता २४ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा सप्लाय लावलाय. आधी बोर्डावरच्या कपॅसिटरवर ३५ व्होल्ट (तो सोसतो ती मर्यादा) लिहिलंय याची खात्री करून घेतली; तुम्हीही बघा, कुठे कुठे २५ चे असतात. व्होल्ट दुप्पट, वॅट चौपट: ३६. कानाला फरक फक्त ६ डीबीचा, पण ठोका आता गोल येतो. तरी आवाज जरा चिरका वाटला की बटण खाली येतं, ताशा असो नाहीतर काही.

तसाच ट्विटर मिळाला नाही. ८ ओहमचाच, पण दुसऱ्या जातीचा बसवला, तो उजव्यापेक्षा किंचित तिखट बोलतो. ह्यांना काही कळत नाही म्हणतात. मी खुर्ची वीतभर उजवीकडे सरकवली आहे.