गोल्फ, मावळ आणि तळहातावरचा फोड

आमच्या घरात गोल्फ यापूर्वी एकदाच शिरलं होतं. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या अगदी तोंडाशी आली होती आणि आम्ही चहाचे कप हातात धरून पहाटेपासून टीव्हीसमोर. बर्डी कशाला म्हणतात नि बोगी कशाला, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी प्रत्येक पटला, म्हणजे होलकडे हलकेच ढकललेल्या फटक्याला, सगळे गप्प. ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण आणलं आणि आम्ही गोल्फ विसरून गेलो. सासूबाई मात्र विसरल्या नाहीत. 'मागे पिशवी घेऊन चालत होती ना, ती तिची आई,' हे त्या आल्यागेल्याला अजून सांगतात.

या फेब्रुवारीत नवरा बँकेतून निवृत्त झाला. ऑफिसातल्या मंडळींनी त्याला मावळातल्या एका बड्या रिसॉर्टचं दोन रात्रींचं व्हाउचर दिलं. डोंगर, तळं, नऊ होलचं गोल्फ, सगळा थाट. एक खोली व्हाउचरवर, दुसरीचे पैसे आम्ही भरले आणि पाच जण गेलो: आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं रडगाणंही आहे.

जाताना ट्रेनने गेलो आणि तुम्हीही तेच करा असं सांगेन. दारात गाडी असली तरी. सुट्टीच्या दिवशी एक्सप्रेसवेवर खंडाळ्याच्या चढणीला जी रांग लागते, त्यात म्हातारं माणूस घेऊन अडकायचं नसतं. इंद्रायणी एक्सप्रेस सीएसएमटीहून पहाटे ५.४० ला सुटते, आम्ही दादरला चढलो. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. ती जोडणी होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर वडा मिळतो. दीर दरवाजातून उतरून पाच वडे घेऊन परत चढेपर्यंत जाऊबाईंचा जीव वर-खाली. हे आमच्या लग्नापासून दर वेळी होतं.

लोणावळ्याला उतरलं की रिसॉर्टची गाडी घ्यायला येते. ती फुकट असते असं धरून चालू नका. आमच्या व्हाउचरवर 'ट्रान्स्फर' असा शब्द होता, तो एकाच बाजूचा निघाला.

आम्ही साडेनऊला दारात आणि खोली मिळणार दोनला. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, 'तोपर्यंत ॲक्टिव्हिटीज एन्जॉय करा.' सामान तिच्याकडे टाकून आम्ही ड्रायव्हिंग रेंजवर गेलो, आणि खरी सहल तिथेच सुरू झाली. लवकर पोचलात तर तुम्हीही हेच करा. लॉबीत बसून वेलकम ड्रिंक किती वेळ पुरवणार?

रेंज म्हणजे फटक्यांच्या सरावासाठीचं नुसतं लांबलचक कुरण. पायाशी मॅट, बाजूला चेंडूंची बादली, हातात सेव्हन आयर्न. नवशिक्याला हीच काठी देतात. माझा नवरा तरुणपणी कांगा लीग खेळलेला. भर पावसात, आझाद मैदानाच्या चिखलात, उसळी न घेणाऱ्या चेंडूवर. तो मॅटवर उभा राहिला तो फिरकी गोलंदाजाला उचलणार असल्याच्या ऐटीत. 'अरे, हा तर जागचा हलतही नाही,' असं म्हणून त्याने काठी फिरवली. काठी हवेतून गेली, चेंडू जागेवर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा लागला, पण थेट मिडविकेटला. क्रिकेटवाल्यांचा हा ठरलेला रोग आहे म्हणे. उजवा हात मध्ये घुसतो आणि मनगट फिरतं. आणि मारायचं म्हणून काठी फिरवली की चेंडूला लागो न लागो, कोर्सवर तो फटका मोजला जातो.

आम्हाला मिळालेले कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी घेऊन बरोबर चालणारे, जवळच्याच गावचे, पन्नाशीचे. वीसेक वर्षं हेच काम. आधी 'मॅडम' म्हणत होते, मराठी ऐकल्यावर 'ताई' झालं. मी मारायला उभी राहिले. मारता मारता डोकं वर. चेंडू दहा फूट घरंगळला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. ते शांतपणे म्हणाले, 'ताई, चेंडू कुठं जातोय ते मी बघतो. तुम्ही फक्त तो होता ती जागा बघा.'

एवढंच. पुढचा चेंडू मी मारला तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही, नुसता 'टक्' असा कोरडा आवाज. वर बघितलं तर चेंडू शंभराच्या पाटीकडे निघालेला. त्यानंतरच्या चाळीस चेंडूंत तसा आवाज आणखी दोनदाच आला, पण ज्याला हा खेळ लागतो त्याला तो त्या आवाजानेच लागत असणार. तासाभराचे वेगळे पैसे देऊन कोचही घेतला होता. त्यांनी ग्रिप, खांदे, गुडघे असं बरंच काही सांगितलं. त्यातलं आज काही आठवत नाही. कॅडींचं वाक्य आठवतं. तेव्हा कोच नाही घेतला तरी चालेल, पण कॅडी घ्याच, आणि बक्षिशी त्यांच्या हातात द्या, बिलात टाकायला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची टी टाइम, म्हणजे कोर्सवर खेळ सुरू करायची वेळ, तोंडी ठरली होती. आम्ही थंडीत कुडकुडत पोचलो तर एका कंपनीचे वीस-बावीस लोक आमच्या आधी उभे. 'सर, त्यांचं ग्रुप बुकिंग आहे.' आमचं नाव वहीत नव्हतंच. नवरा चिडला. मी चिडले. सासूबाईंनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून सगळ्यांना वाटल्या. तब्बल दीड तास गेला. वेळ आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि बुकिंग करतानाच विचारा की त्या तारखांना कंपन्यांचं काही आहे का. असेल तर सरळ तारीख बदला. संध्याकाळी त्यांचा डीजेही असतो.

तेवढ्यात दिरांच्या टी-शर्टावर आक्षेप आला. गोल गळा चालत नाही, कॉलर हवी. जीन्सही चालत नाही. दुकानातून त्यांना जो टी-शर्ट घ्यावा लागला त्या किमतीत दादरला चौघांचे आले असते. बायकांना कॉलरचा कुडता चालेल का, असं मी विचारलं, तर तिघांनी तीन उत्तरं दिली. शेवटी मी ट्रॅकपँट आणि कॉलरचा टी-शर्ट घालून गेले. बूट साधे स्पोर्ट्सचे चालतात. हातमोजा मात्र घ्या, उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या हातात. मी शहाणपणा करून नाही घेतला आणि तळहातावर रुपयाएवढा फोड घेऊन घरी आले.

आता कोर्सवर. नऊ होल चालत खेळायला सराईतांना दोन-सव्वादोन तास लागतात, आम्हाला साडेतीन लागले. मागून कुणी येत असेल तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं. त्यात कमीपणा नाही, उलट मागचे हात वर करून आभार मानतात. काठीने माती उकरली तर तो तुकडा परत बसवायचा, वाळूत चेंडू गेला तर मारून झाल्यावर स्वतःच्या पावलांवर दाताळं फिरवायचं. दुसरा मारत असताना बोलायचं नाही, हे आमच्या घराण्याला सगळ्यात जड गेलं.

चौथ्या होलचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा गवताचा गालिचा, आम्ही पोचलो तेव्हाही सावलीतच होतं. ग्रीनवरचं गवत इतकं बारीक कापलेलं की त्याला गवत म्हणावं की मखमल. त्यावर दव. जाऊबाईंनी पटरने, म्हणजे ग्रीनवरच्या काठीने, हलकेच ढकललं तर चेंडूच्या मागे दवात हिरवीगार रेघ उठत गेली, आधी सरळ, मग उताराला हळूच डावीकडे वळलेली, आणि होलच्या चार बोटं अलीकडे थांबली. होल सव्वाचार इंच व्यासाचं, आमटीच्या वाटीएवढं. कॅडी म्हणाले, 'आता मोठ्या ताईंची रेघ बघा आणि तशीच मारा, जरा जोरात, दवाने चेंडू दमतो.' मी तशीच मारली आणि गेला की आत! जाऊबाई अजून म्हणतात की तो पट निम्मा त्यांचा आहे. निम्मा कसला, मुख्य तोच होता. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

सहाव्या होलला मध्येच तळं आहे आणि तिथेच आमची खरी लूट झाली. एकूण अकरा चेंडू गमावले, त्यातले सात पाण्यात. पाण्यात गेला की एक फटका दंड. झाडीत गेला तर शोधायला तीन मिनिटं, २०१९ च्या आधी पाच होती. आत्ताही पाच असती तरी आमचे सापडले नसते. नवे चेंडू घेऊच नका, दुकानात वापरलेले स्वस्तात मिळतात, तेच मागा.

सासूबाई कार्टमध्ये बसून सगळीकडे फिरल्या. ज्येष्ठांना न्यायचं असेल तर कार्ट आधीच सांगून ठेवा, आमच्या वेळी चारच चालू होत्या. त्या खेळल्या नाहीत, पण प्रश्न त्यांनीच विचारला: 'समोरचा डोंगर बघा, कसा पिवळा पडलाय. आणि हे एवढं हिरवं. पाणी कुठलं हो?' कॅडी म्हणाले, रिसॉर्टचं सांडपाणी शुद्ध करून फिरवतात, आणि उन्हाळ्यात बोअरचं. 'आणि गावाला?' ते हसले आणि 'आजी, पिशवी जरा सरकवता का' म्हणाले. सासूबाईंनी सरकवली.

बाकी ॲक्टिव्हिटीजबद्दल फार लिहीत नाही. तिरंदाजीची तार सैल, कयाक दुरुस्तीला, कुंभाराचं चाक फक्त शनिवार-रविवारी. शेकोटी छान, पण लाकडाचे पैसे वेगळे. पोहण्याचा तलाव दिसायला देखणा, फेब्रुवारीत पाय घातला की किंचाळी निघते. कॅरम मात्र उत्तम होता. सासूबाईंनी त्या कंपनीतल्या दोन पोरांना तिथे सलग तीन डाव हरवलं.

जेवणात 'अस्सल मराठमोळी' रात्र होती. पिठल्यात साखर. ठेचा केचपच्या वाटीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाहेर पडून रस्त्याकडेच्या खाणावळीत भाकरी, भरलं वांगं आणि इंद्रायणीचा वाफाळता भात खाल्ला. भात पानात पडला तसा वास आला. मावळात जाऊन हा भात न खाता येऊ नका. परतताना कामशेतला पाच किलो तांदूळ घेतला, तो या सहलीतला सगळ्यात शहाणा खर्च.

तिसऱ्या दिवशी सकाळी दीर आणि नवरा पुन्हा रेंजवर गेले. जाऊबाई आणि मी रिक्षा करून भाज्याच्या लेण्यांना. मळवली स्टेशनपासून जवळ आहेत, पायऱ्या आहेत पण फार नाहीत. चैत्यगृहाच्या छताला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. जवळच लोहगड आणि विसापूर. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे सुट्टीला गर्दी असणारच. आम्ही गुरुवारी गेलो, लेण्यांत आम्ही दोघी आणि एक पहारेकरी. गोल्फ खेळून अंग आंबलं असेल तर गड दुसऱ्या खेपेला ठेवा.

खर्चाचं सांगते. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो. रेंजची बादली, काठ्यांचं भाडं, कॅडी, कार्ट आणि ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे, हे पाचही वेगवेगळे. 'गोल्फ इन्क्लुडेड' असं लिहिलं असेल तर यातलं नक्की काय, ते फोन करून विचारा. आमच्या व्हाउचरमध्ये होती ती फक्त ग्रीन फी. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीचाच धरा. पावसाळ्यात मावळ सुंदर दिसतं, पण ओल्या गवतावर कार्ट घालू देत नाहीत आणि धुक्यात चेंडू दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये आठनंतर ऊन सोसत नाही.

आणि जाण्यापूर्वी एकदा मुंबईतच हात साफ करून घ्या, हे मला कुणी सांगायला हवं होतं. महालक्ष्मीचा विलिंग्डन किंवा चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब आपल्यासारख्यांना कुंपणाबाहेरूनच बघायचे, तिथे सदस्य लागतो. पण खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ कोर्स आहे, ते सर्वसामान्यांना खुलं आहे. तिथे एक सकाळ घालवली असती तर मावळातल्या पहिल्या दिवशीची निम्मी बादली वाया गेली नसती. आता नवरा दर रविवारी खारघरचं नाव काढतो. माझा फोड बरा झाला की जाऊ म्हणते.

संध्याकाळच्या इंद्रायणीने परतलो. गाडीत सासूबाईंच्या पर्समधून लिमलेटच्या गोळ्यांबरोबर एक गोल्फचा चेंडू निघाला. सहाव्या होलजवळ कार्टच्या चाकापाशी पडला होता म्हणे, तिसऱ्या कुणाचा तरी. रोज सकाळी उठल्यावर त्या तो टाचेखाली पाच मिनिटं फिरवतात. टाचदुखीला बरा आहे म्हणतात.