डिस्चार्जनंतरचे फोन

आत्महत्येच्या प्रयत्नातून माणूस वाचला की घरच्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: पोलिसांचं लचांड मिटावं आणि कुणाला काही कळू नये. आमच्याकडेही तेच. कॅज्युअल्टीत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवली गेली, वॉर्डात हवालदार जबाब घेऊन गेले आणि दादा वकील शोधायला लागला. समाजसेवा अधीक्षक बाईंनी त्याला समजावलं, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं. शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारचं काम. दादाचा जीव भांड्यात पडला.

मला मात्र त्यांनी वेगळंच विचारलं. "घरी फोन केला तर चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर हॉस्पिटलचं नाव काढणार नाही." सुटका व्हावी म्हणून मी हो म्हटलं.

डिस्चार्ज कार्डावर 'मानसोपचार ओपीडी, मंगळवार' एवढंच लिहिलं होतं. त्या एका ओळीच्या भरवशावर मी गेले नसते. रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय, ही धास्ती! पण फोन आला. जेवलात का, झोप लागते का, परत मरावंसं वाटतं का? तिसरा प्रश्नही त्या जेवणाच्याच सुरात विचारायच्या. घरात तो विषय कुणी काढत नव्हतं, त्यामुळे मला त्यांच्याशी खरं बोलता आलं. शेवटी ठरलेलं वाक्य: "अकराच्या आत या, नंतर गर्दी होते. केसपेपर सापडत नसेल तरी या."

गेले. जात राहिले. वहिनी वैतागली: "बरी होतेयस ना, मग दवाखाना वाढला कसा?" तिचं निरीक्षण बरोबर होतं, हिशेब अर्धा होता. आधी छातीत धडधडलं की रात्री-अपरात्री कॅज्युअल्टी, ईसीजी नॉर्मल, एक इंजेक्शन, घरी. तेच पुन्हा पुढच्या वेळी. मंगळवारच्या फेऱ्या वाढल्या तशा या रात्रीच्या धावपळी थांबत गेल्या.

पुढे डिस्चार्जनंतरच्या अशा फोनांविषयी बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर केलेला अभ्यास २००८ साली छापला गेला. निम्म्यांशी डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलणं आणि मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. या गटात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला तर वर्षभरात नुसती आठ पोस्टकार्डं पाठवली. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांच्या अशा प्रसंगांची एकूण संख्या जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे जादू नाही, हेही खरंच.

माझ्या बाईंचे फोन आधी आठवड्याला, मग महिन्याला येत. त्यांची बदली झाली आणि ते बंद पडले. त्यांची वही पुढे कुणी उघडलीच नाही. याचा मला अजून राग आहे. एकटीच्या जोरावर चालणारी ही सेवा कशी टिकणार?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर लावलाय, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तरी मला ओळखीचा आवाज हवा होता. शेवटी ओपीडीतल्या समुपदेशक ताईंना मीच विचारलं, महिन्यातून एकदा फोन कराल का? त्या म्हणाल्या, "करते की. फक्त मंगळवार सोडून."