ऱ्हावंच लागतं

जबाब लिहून घेणं हे माझं काम. समोरचा बोलतो, मी लिहितो, शेवटी ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ आणि खाली अंगठा.

त्या दिवशी रायगडातल्या एका वीटभट्टीवरून आणलेली कातकरी माणसं कचेरीच्या ओट्यावर बसली होती. वेठबिगारीची, म्हणजे कर्जापायी बांधून राबवून घेतल्याची चौकशी. खरं सांगतो, वेठ म्हटलं की मला पेपरातला संपच आठवायचा: प्रवाशांना वेठीस धरलं वगैरे.

पहिल्या बाईला विचारलं, “कोणी सक्ती केली का?”

“सक्ती म्हंजे?”

“जबरदस्ती. मारलं, कोंडलं?”

“नाय. मारला नाय.”

लिहिलं, ‘कोणीही सक्ती केली नाही.’ दुसरा जबाब तसाच, तिसराही तसाच. चौथी बाई सांगत होती की पोराला ताप होता, तरी गावाला जाता आलं नाही. का, विचारलं तर म्हणाली, “उचल फिटली नव्हती. ऱ्हावंच लागतं ना.” उचल म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे.

पेन थांबलं. लागतं! ऑफिसला जावं लागतं, लग्नाला जावं लागतं, असं आपण दिवसातून दहादा म्हणतो, त्यामुळे कान बोथट झालेला. ‘शेठनं राहायला भाग पाडलं’ म्हटलं की शेठ वाक्यात येतो. ‘राहावं लागलं’ म्हटलं की तो गायब, उरते ती फक्त बाई. आणि मी तर तेही पुसून ‘सक्ती नाही’ लिहून मोकळा झालो होतो.

नायब तहसीलदारांना दाखवलं. ते म्हणाले, “दिल्लीच्या एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांचा १९८२चा निकाल वाचलायस? संविधानाच्या कलम २३ मधली सक्ती म्हणजे नुसती मारहाण नव्हे. दुसरा मार्गच नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबतो, तीही सक्तीच, असं सुप्रीम कोर्ट म्हणतं.” वर १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं धनकोवर, म्हणजे कर्ज देणाऱ्यावर आहे. म्हणजे मी बाईला पुरावा मागितल्यासारखं विचारत होतो, तेच उलटं होतं.

आधीच्या तिघांचे पुरवणी जबाब घेतले. प्रश्न बदलला: उचल किती, हिशेब कोणाकडे, मजुरी हातात किती पडली, मध्येच निघून गेला असतात तर काय झालं असतं?

शेवटच्या प्रश्नावर एक म्हातारा नुसता हसला. बराच वेळ. मग म्हणाला, “जाणार कुठं?”

‘जाणार कुठं’ मी लिहिलं. हसण्याचं काय लिहायचं ते कळेना, तेवढी जागा कोरी सोडली.