इंजिन बदलता येते, चासी नाही: माझ्या हेराल्डचा अनुभव

गोव्यातल्या फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना, २०२२ च्या पावसाळ्यात, मी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचे ठरवले तेव्हा माझ्याजवळ एक लाख चाळीस हजार रुपये होते. त्यांतले बरेचसे शिकवण्यांचे आणि पर्यटनाच्या दोन हंगामांत दुचाक्या भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडे केलेल्या दुरुस्तीच्या कामाचे होते. उरलेले आजीने दिले होते. एवढ्या पैशांत गाडी, तिचे इंजिन, टायर आणि कागदपत्रे हे सगळे बसवायचे होते. घरून आणखी काही मागायचे नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले होते.

माझ्या मनात होती ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पण ती मिळणे शक्य नव्हते. दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची सॅन स्टॉर्म मला आवडायची, मात्र तिच्या बॉडीचे आणि काचांचे सुटे भाग मिळवताना वर्षे जातील असे जाणकारांनी सांगितले. निस्सान इंजिनाची प्रीमियर ११८एनई स्वस्त आणि मजबूत होती, पण ती शेवटी कुटुंबाची गाडी. शोधता शोधता लक्षात आले की १९६२ मध्ये आलेली स्पिटफायर मुळात ट्रायम्फ हेराल्ड या मोटारीच्या चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, तो आखूड करून, तयार केलेली आहे. आणि हेराल्ड तर मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून आपल्याकडेच बनवली होती. जुन्या दोन दारांच्या हेराल्डमध्ये पुढे विशबोन सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. ती अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, हे ज्याने फोंड्याच्या बाजारात गाडी वळवली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

हेराल्डची रचना विद्यार्थ्याला सोयीची आहे, आणि त्यामागे एक कारण आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये बॉडी बनवणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेल्यामुळे हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड ट्रायम्फ कंपनीला अख्खी बॉडी एकसंध बनवून देणारा कोणी उरला नाही. म्हणून त्यांनी वेगळी चासी घेतली आणि मिकेलोत्तीने आखलेली बॉडी लहान लहान भागांत बनवून बोल्टने जोडली. पुढचे दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट हे सगळे एकत्र पुढच्या बाजूला उलटते. मग पुढच्या टायरवर बसून इंजिनावर काम करता येते. मी पुढचे चौदा महिने त्या टायरवर बसूनच काढले.

पण वेगळी चासी असणे म्हणजे ती चांगली असणे नव्हे. गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत हेराल्डचे आउटरिगर, म्हणजे मुख्य चासीपासून बाजूला निघालेले बॉडी पेलणारे हात, आतून कुजतात. वरून रंग चकचकीत असला तरी बोथट स्क्रू ड्रायव्हर दाबला की तो आत जातो. वास्कोत पाहिलेल्या पहिल्या गाडीत तो मुठीपर्यंत गेला. तिचे इंजिन उत्तम चालत होते आणि मालक तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, तरी मी ती सोडली. दुसरी गाडी राज्याबाहेरून आलेली, दिसायला सर्वांत देखणी, पण तिची आरसीच नव्हती. कागद नसलेली गाडी स्वस्त वाटते ती फक्त विकत घेण्याच्या दिवसापर्यंत.

तिसरी सावईवेऱ्यातल्या एका कुळागराच्या कडेला, सुपाऱ्या वाळवण्याच्या शेडमध्ये उभी होती. १९६६ ची, दोन दारांची, गोव्याच्या जुन्या जीडी मालिकेतला नंबर, आणि आरसीचे नूतनीकरण २०२५ पर्यंत झालेले. तिचे इंजिन मात्र संपले होते: कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाजूने बाहेर आला होता आणि त्या भोकात तीन बोटे जात होती. मी जमिनीवर पोते अंथरून आडवा झालो आणि तासभर एकेक आउटरिगर हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडून खणखणीत आवाज आला; एकट्या डिकीखालच्या टोकाशी वेल्डिंगची गरज होती. इंजिन मेलेले असल्यामुळे मालकांनी बासष्ट हजार सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. त्या दिवशी जे समजून पैसे दिले, ते आजही मला तितकेच खरे वाटते: इंजिन बदलता येते, चासी नाही.

आता कोणते इंजिन बसवायचे हा प्रश्न होता, आणि माझे उत्तर तयार होते: मारुती जिप्सीचे. १२९८ सीसीचे ते इंजिन लांबीच्या दिशेने बसते, त्याला पाच गिअर आहेत, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा असल्यामुळे तो वगळून सरळ मागच्या डिफरन्शियलकडे शाफ्ट नेता येतो. मी मोजमापे घेतली, माउंटिंगची रेखाचित्रेसुद्धा काढली. माझ्या काकांच्या म्हार्दोळच्या घराजवळ गॅरेज असलेल्या मेस्तांना ती दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, “बाब, ब्रेक कोणते आहेत?”

चारही चाकांना ड्रम. आणि मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासकट वरखाली झुलणारा ॲक्सल. वळणावर वेग जास्त आहे असे वाटून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय अचानक काढला की गाडीचा मागचा भाग उचलतो, चाके आत दुमडतात आणि टायरची पकड सुटते. ९४८ सीसीच्या मूळ इंजिनावरही हे घडू शकते. त्याच्या दुप्पट ताकदीचे इंजिन घालून चोर्ला घाट उतरायचा, तर ब्रेक, ॲक्सल आणि स्प्रिंग सगळेच बदलावे लागले असते. त्या खर्चाचा हिशेब मी रेखाचित्राच्या मागच्या बाजूला मांडला आणि कागद घडी घालून ठेवला.

दुसरे कारण कायद्याचे होते, आणि ते मी आधी वाचायला हवे होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे मांडले. वाहतूक खात्याच्या कार्यालयात एका अधिकाऱ्यांनी मला बसवून नीट समजावले: त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल तर आधी परवानगी घ्यायची, मग तपासणी, मग आरसीवर नवा इंजिन क्रमांक. जिप्सीचे इंजिन घातलेली हेराल्ड रस्त्यावर आणली असती तर तिचा विमासुद्धा अपघाताच्या वेळी टिकला नसता. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे, तिचाही मी विचार केला. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवता येते. आणि मला तर ती घेऊन कॉलेजला जायचे होते. मी साधी नोंदणीच ठेवली.

तेव्हा स्टँडर्डचेच ९४८ सीसीचे इंजिन शोधणे आले. या इंजिनाचा एक दोष प्रसिद्ध आहे. क्रँकशाफ्टची पुढेमागे हालचाल मागच्या मेन बेअरिंगपाशी असलेले अर्धगोल थ्रस्ट वॉशर रोखून धरतात. क्लच दाबला की शाफ्टवर पुढच्या दिशेने दाब येतो, वर्षानुवर्षे हे वॉशर झिजतात, आणि एके दिवशी खाली तेलाच्या सम्पमध्ये गळून पडतात. मग शाफ्ट थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉक कायमचा निकामी होतो. हे मी वाचले होते, तरी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याला फोनवरची छायाचित्रे पाहून तीन हजार रुपये आगाऊ पाठवले. तिथे पोहोचल्यावर पुढच्या पुलीमागे पहार घालून हलकेच ओढली, तर पुली दोन मिलिमीटर सहज पुढे आली. ही हालचाल ०.१ ते ०.२ मिलिमीटर असायला हवी. सम्प उघडायचा आग्रह धरला. तळाच्या काळ्या तेलात बोटे फिरवली तेव्हा कागदाइतका पातळ झालेला अर्धा वॉशर हाताला लागला. इंजिन घेतले नाही, आगाऊ रक्कम परत मिळाली नाही.

दुसरे इंजिन बेळगावला मिळाले, स्टँडर्ड गॅझेलमधून उतरवलेले. गॅझेल ही हेराल्डचीच पुढची आवृत्ती, तिच्यातही हेच ९४८ सीसीचे इंजिन. त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मालकांनी जपून ठेवला होता, आणि माझ्या दृष्टीने तो कागद इंजिनाइतकाच मोलाचा होता. पुली हलवून पाहिली, सतरा हजार मोजले, पावती लिहून घेतली आणि इंजिन टेम्पोत घालून चोर्ल्यामार्गे आणले.

ते चालू स्थितीत आहे असे सांगितले होते, तरी मी ते पूर्ण उघडले. चारही सिलिंडर वरच्या टोकाशी झिजले होते. कुंडईच्या वर्कशॉपमध्ये ते तीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून घेतले, म्हणजे मूळचा ६३ मिलिमीटरचा व्यास सुमारे ६३.७६ झाला. क्रँक दहा थाऊ ग्राइंड केला. हेड बिडाचे आहे आणि ते शिसे असलेल्या पेट्रोलच्या काळातले. शिसे वॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करायचे. २००० पासून आपल्याकडे शिशाचे पेट्रोल नाही, म्हणून एक्झॉस्टच्या चारही बैठकी कठीण पोलादाच्या बसवून घेतल्या. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते आणि ते जुने रबर फुगवते, त्यामुळे पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या नव्या घातल्या. थ्रस्ट वॉशर मी स्वतः बसवले. कॉलेजच्या मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मोजमापाच्या, प्रयोगशाळेतून सरांच्या परवानगीने डायल गेज आणला, त्याची सुई शाफ्टच्या टोकाला टेकवली, शाफ्ट पुढे ढकलला, मागे ओढला. ०.१५. मी तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला.

इंजिन बसवण्याचे काम जानेवारी २०२४ मध्ये पडवीसमोर झाले. मेस्तांनी तीन जाड वाशांची तिवई बांधून तिला चेन ब्लॉक लावला. या टप्प्यावर नेहमी अडते ते क्लचपाशी: क्लच प्लेट अगदी मध्यावर नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दातांत शिरत नाही आणि माणसे इंजिन ढकलत, हलवत दिवस घालवतात. प्लेट मध्यावर धरण्यासाठी मापाचा खोटा शाफ्ट लागतो. मेस्तांनी फणसाच्या लाकडाचा एक तुकडा लेथवर लावला, जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून कॅलिपरने मापे घेतली आणि पंधरा मिनिटांत पिवळाधमक, मेणासारखा गुळगुळीत दांडा माझ्या हातात दिला. तो घालून प्लेट आवळली, दांडा काढला, इंजिन इंच इंच मागे सरकवले. एक हलका टक असा आवाज झाला आणि बेलहाउसिंगची, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाची, फट मिटली.

इंजिन सुरू करण्याआधी सगळे प्लग काढून, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत ते स्टार्टरवर फिरवले, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर भार येत नाही. टॅपेटची फट थंड इंजिनावर दहा थाऊ, पॉइंटची फट पंधरा थाऊ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन पेटले. नवा कॅम नीट बसावा म्हणून पहिली वीस मिनिटे ते दोन हजार आरपीएमच्या खाली येऊ द्यायचे नव्हते. आजी पडवीच्या पायरीवर कानांवर हात ठेवून बसली होती आणि उठून आत जायला तयार नव्हती. रेडिएटरच्या खालच्या नळीतून पाणी झिरपले, पण इंजिन बंद न करता मेस्तांनी क्लिप आवळली.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी ब्लॉकवरच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतला, चासी क्रमांकाचाही घेतला आणि ते दोन्ही आधी दिलेल्या परवानगीच्या पत्राशी, बेळगावच्या पावतीशी आणि नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाशी ताडून पाहिले. त्यांनी ब्रेक, दिवे आणि हॉर्न पाहिले, मग बॉनेट पुन्हा एकदा उलटून पाहायला मागितले, यावेळी केवळ पाहण्यासाठी. नवा क्रमांक नोंदलेली आरसी तीन आठवड्यांनी हातात आली. टायर आणि ब्रेक धरून सगळा खर्च एक लाख चौतीस हजार पाचशे झाला.

आता मी रोज म्हार्दोळहून फर्मागुडीची चढण तिसऱ्या गिअरवर चढतो. पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्यात, ग्रीस नव्हे तर नव्वद नंबरचे गिअर तेल भरायचे असते; ग्रीसने तो भाग आतून गंजतो आणि चालत्या गाडीचे चाक मोडून पडू शकते. ते तेल मी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर भरतो. फणसाचा दांडा मेस्तांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे, आणि गेल्या महिन्यात सांगेहून आलेला एक मुलगा त्याच्या हेराल्डसाठी तो मागून घेऊन गेला.