गंडीकोटा : दुपारी बारा वाजता घळीच्या कडेवर जाऊ नका

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती दाखवू नये, असे आम्ही चौघे निघताना म्हणत होतो आणि गंडीकोट्याच्या खडकांवर दीड तासात आमचा हा समज पार उतरला. आधी जाऊन आलेल्या एका परिचिताने ‘गाडी उभी केली की दहा मिनिटांत दरी समोर, सगळे सपाट आहे’ असे सांगितले होते. दरी समोर येते हे खरे. पण सपाट असे तेथे काही नाही आणि ती दहा मिनिटे जेमतेम रंगनाथस्वामींच्या देवळापर्यंत पुरतात.

आंध्र प्रदेशाच्या कडप्पा जिल्ह्यात, एर्रमला डोंगररांगेत पेन्ना नदीने कापलेली ही घळ आहे. तेलुगूत ‘गंडी’ म्हणजे घळ आणि ‘कोटा’ म्हणजे किल्ला. मुंबई-चेन्नई लोहमार्ग आपल्या स्थानकावरूनच जात असल्यामुळे रात्री सोलापूरला गाडीत बसून सकाळी यर्रगुंटलाला उतरता येते. आमची गाडी तीन तास उशिरा पोहोचली आणि पुढच्या साऱ्या हालांचे मूळ तेच ठरले. पहाटेची ठरवलेली पायपीट भर दुपारवर गेली, आणि ती संध्याकाळपर्यंत पुढे ढकलण्याचे शहाणपण आम्हा कोणालाच सुचले नाही.

स्थानकाबाहेर रिक्षावाल्याने जाऊन-येऊन अठराशे रुपये सांगितले. आमच्यातला एक जण सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. त्याने बोलून बाराशेवर आणले. वर पोहोचल्यावर मात्र ‘थांबण्याचे’ आणखी सहाशे मागण्यात आले आणि परतीची दुसरी सोय हाताशी नसल्याने ते द्यावे लागले. म्हणजे भाषा येऊनही एकूण रक्कम अठराशेच झाली. पुढे जाणाऱ्यांनी यर्रगुंटलाहून रिक्षा करूच नये. बसने जम्मलमडुगूपर्यंत जावे, तेथून गंडीकोटा सुमारे पंधरा किलोमीटर उरते. तेथे रिक्षा ठरवताना थांबण्याचे तास आणि त्यांचे पैसे आधी बोलून घ्यावेत, आणि सगळे पैसे परत आल्यावरच द्यावेत.

आता त्या वाटेविषयी. रंगनाथस्वामींच्या देवळामागे पायवाट संपते आणि कपाटाएवढ्या शिळांची रास सुरू होते. हा आपल्याकडचा काळा बेसॉल्ट नव्हे. कडप्पा खोऱ्यातला अतिप्राचीन, तांबूस क्वार्टझाइट नावाचा टणक खडक आहे. तो भेगांवर ठोकळ्याठोकळ्यांनी फुटतो, म्हणूनच घळीच्या भिंती इतक्या सरळ उभ्या राहिल्या आहेत आणि म्हणूनच कडेवर पाऊल टाकायला सलग जागा मिळत नाही. एका शिळेवरून दुसरीवर जाताना हात टेकावे लागतात, आणि मे महिन्यात साडेबारा वाजता त्या शिळांवर हात ठेववत नाही. सोलापूरच्या उन्हात आपण लिंबाखाली किंवा दुकानाच्या छपराखाली सरकतो, येथे सरकायला काहीच नाही. वरून ऊन आणि खालून दगडाची धग असे दोन्हीकडून भाजून निघते. आम्ही होतो त्या जागी कठडा नव्हता आणि खाली सुमारे तीनशे फुटांचा तुटलेला कडा होता. आमच्यातल्या एकाला तेथे घेरी आली. त्याला शिळेच्या हातभर सावलीत बसवून डोक्यावर ओला टॉवेल टाकला, मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि वीस मिनिटांनी हाताला धरून मागे आणले. ती वीस मिनिटे मी विसरणार नाही. माणशी एक लिटर पाणी घेतले होते; तीन लिटर हवे होते. आपल्याकडचा जाड सोलापुरी टॉवेल भिजवून डोक्यावर घ्यावा, टोपीपेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो.

शिवाय छायाचित्रांत दिसणारी, काठोकाठ वळण घेणारी नदी मे महिन्यात नसते. आम्हाला तळाशी हिरवट पाण्याची डबकी दिसली. नदीसाठी जायचे असेल तर पावसाळा सरल्यावरच जावे.

वाचवले ते इमारतींनी. परतताना आम्ही धान्यकोठारात शिरलो. जाड दगडी भिंती आणि कमानदार छत यांमुळे आत एवढा गारवा होता की चौघेही फरशीवर आडवे झालो, आणि तेथेच शेंगाचटणी व कडक भाकरी खाल्ली. शेजारची जामा मशीद देखणी आहे. विजयनगरकालीन माधवराय मंदिराच्या खांबांवरचे कोरीवकाम तर शांतपणे दोन तास पाहावे असे आहे, पण गाभाऱ्यात मूर्ती नाही. येथे राज्य करणाऱ्या पेम्मसानी नायकांकडून हा किल्ला गोवळकोंड्याचा सेनापती मीर जुमला याने घेतला आणि १६५२ मध्ये फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये त्याला येथेच भेटला. बहुतेक पर्यटक घळीपुढे फोटो काढून या इमारतींकडे न पाहता निघून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटले.

म्हणून क्रम असा ठेवावा : किल्ल्याबाहेरच्या सरकारी पर्यटक निवासात मुक्काम करावा, उजाडण्यापूर्वी कडेवर पोहोचावे, आठ वाजता तेथून उठावे, ऊन चढेल तसे मंदिर, मशीद, कोठार पाहावे आणि अकरानंतर उघड्यावर राहू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही नेमके असेच केले. सहाच्या सुमारास समोरची भिंत खालपर्यंत तांबडी होत गेली, तेव्हा आदल्या दिवशी घेरी आलेला मित्रच सर्वांत पुढे बसला होता. नंतर बेलमच्या गुहा पाहिल्या. तो भाग सहज पार पडतो.

लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर उन्हाळ्यात गंडीकोटा करूच नये. त्यांच्यासाठी सोलापूरहून नळदुर्गचा किल्ला जवळ आहे आणि बोरी नदीच्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालात भर दुपारीही बसता येते.