पोकळीचे पैसे

नव्या घराच्या खर्चात मला सगळ्यात जास्त खुपली ती पोकळीची रक्कम. विटा दिसतात, फरशी पायाखाली लागते, नळ सोडला की हातावर पाणी येतं. पण दोन काचांमधल्या बोटभर रिकाम्या जागेसाठी कोणी जादा पैसे मागितले की माणूस सावध होतोच.

"आत आहे काय?" मी खिडक्या बसवणाऱ्याला विचारलं.

"वायू. आर्गॉन."

आर्गॉनशी माझी ओळख शाळेतली. 'निष्क्रिय वायू' या मथळ्याखाली तो भेटला होता. हवेत जेमतेम एक टक्का, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आता या निष्क्रिय गृहस्थाला मी पदरमोड करून घरात घ्यायचं, तेही काहीच न करण्यासाठी!

जुन्या घरात खिडकीपाशी एक खुर्ची होती. घरातली सगळ्यात चांगली जागा तीच, आणि तिथे सहसा कोणी बसत नसे. उन्हाळ्यात दुपारी बाराला बसलं तर मांड्या भाजत, थंडीत संध्याकाळी बसलं तर खांदा गारठत असे. "फटीतून वारा येतोय," म्हणून आई वर्तमानपत्राच्या पट्ट्या करकरून चौकटीत कोंबायची. सगळ्या फटी बुजल्या तरी तिचा वारा काही थांबायचा नाही. आम्ही तिची थट्टा करायचो.

खिडक्यांच्या निमित्ताने वाचायला लागलो तेव्हा कळलं की चूक आमचीच होती. वारा नव्हता, पण गारठा खरा होता. शेकोटीपुढे बसलं की मधली हवा थंड असूनही चेहरा तापतो. गार काचेपाशी बसलं की याच्या उलट घडतं. शेकोटी आपण असतो आणि काच आपल्याकडून ऊब घेत राहते. शिवाय काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली सरकते आणि पायांशी येते. म्हणजे वाराही थोडा होताच, फक्त तो बाहेरून येत नव्हता, घरातच तयार होत होता. त्याला वर्तमानपत्र काय करणार?

काच ही मुळात उष्णता अडवण्यात कच्चीच. ती कितीही जाड घेतली तरी फारसा फरक पडत नाही. अडवते ती मधली कोंडलेली हवा. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत थॉमस स्टेट्सनने दुहेरी काचेचं पेटंट १८६५ सालीच घेतलं होतं. पण पोकळीलाही माप लागतं. ती फार अरुंद असली तर उष्णता सहज पलीकडे जाते. फार रुंद असली तर आतली हवाच वरखाली फिरू लागते आणि एका काचेची ऊब दुसरीकडे पोचवते. बारा ते सोळा मिलिमीटर हे साधारण बरं माप. तिथे हवेऐवजी आर्गॉन भरला तर काम आणखी चोख होतं, कारण हवेतून जितकी उष्णता वाहते त्याच्या दोन-तृतीयांशच त्याच्यातून वाहते. निष्क्रियतेचाही उपयोग असतो, हे ऑफिसात मला कधी पटलं नव्हतं.

तरी खरी करामत वायूची नव्हे, चांदीची. काचेच्या पोकळीकडच्या बाजूला चांदीचा इतका पातळ थर देतात की त्याच्या आरपार दिसतं. काही नॅनोमीटर, बस. याला 'लो-ई' काच म्हणतात. उजेड येऊ द्यायचा आणि उष्णतेचे किरण परतवायचे, एवढंच त्याचं काम. हे वाचताना मला थर्मास आठवला. ड्युअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवलेल्या त्या बाटलीत हेच तर आहे : दोन भिंती, मध्ये पोकळी, भिंतींना चांदी. आपली खिडकी म्हणजे सपाट केलेला थर्मास, फक्त आरपार दिसलं पाहिजे ही अट घातलेला.

आकडे आवडणाऱ्यांसाठी एवढंच, की खिडकीतून उष्णता किती निसटते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं आणि ती जितकी कमी तितकी बरी. एकेरी काचेची साधारण ५.७, साध्या दुहेरी काचेची २.८च्या आसपास, लो-ई थर आणि आर्गॉन असेल तर सव्वाच्या जवळपास. पण दुसरा आकडा विचारायला लोक विसरतात : बाहेरच्या उन्हातली किती उष्णता काच आत घेते? उकाड्याच्या मुलखात हाच आकडा जास्त महत्त्वाचा. थंडीच्या मुलखात मात्र ते ऊन आत यावंसंच वाटतं, म्हणून तिथली काच वेगळी निवडतात.

एवढं पाठ केलं तरी मनात शंका होतीच. चांदी दिसत नाही, आर्गॉन दिसत नाही. उद्या कोणी साधीच काच बसवून गेला तर मला काय कळणार?

मी हे बोलून दाखवलं तेव्हा कारागिराने खिशातून लायटर काढला. संध्याकाळ झाली होती, दिवे अजून लागले नव्हते. त्याने ज्योत काचेजवळ धरली आणि मला तिरकं उभं राहून बघायला सांगितलं. काचेत एकामागे एक चार ज्योती दिसल्या. दोन काचा, चार पृष्ठभाग, प्रत्येकाची एक. तीन पिवळ्या होत्या. एक मात्र किंचित गुलाबी, जांभळटपणाकडे झुकणारी. "ती चांदी," तो म्हणाला आणि लायटर विझवून खिशात टाकला. माझे पैसे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

चौकटीचं प्रकरण थोडक्यात आटोपतो. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं, त्यामुळे उत्तम काच घेऊन साधी ॲल्युमिनियमची चौकट लावणं म्हणजे थर्मासला झाकण न लावणं. एक तर चौकटीच्या मध्ये उष्णता तोडणारी प्लास्टिकची पट्टी हवी, नाहीतर लाकूड किंवा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक. सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीवर उघडणारी बंद करताना रबरावर घट्ट दाबून बसते, म्हणून तिच्यातून हवा कमी गळते.

एक चूक मात्र मी केलीच. सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेची खिडकी हौसेने मोठी ठेवली. उतरतं ऊन आडवं येतं, वरच्या छज्जाला जुमानत नाही, आणि काच कितीही गुणी असली तरी ती भिंत नव्हे. आतून जाड पडदा लावला, तर पडदाच तापून खोलीला शेक देऊ लागला. शेवटी बाहेरून पट्ट्यांची झडप बसवली. ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं, एकदा आत आलं की ते घरचंच होतं. आता दुपार ते संध्याकाळ झडप बंद असते आणि सूर्यास्त मी फटींतून बघतो.

बाकी खिडक्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण तिथे काही घडतच नाही. एसी कमी वेळ चालतो, पुस्तकांचे कणे अजून फारसे विटलेले नाहीत. बाहेरचा आवाज इतका दबला की पहिल्या रात्री भिंतीवरच्या घड्याळाने मला झोपू दिलं नाही. खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि आई तिथे बसली. एकदाही "वारा येतोय" म्हणाली नाही.

मग थंडीतल्या एका सकाळी उठून पाहतो तर काच धुरकट. छातीत धस्स झालं. दोन काचांमधलं सील फुटलं की आत दमटपणा शिरतो आणि तो कुठल्याच फडक्याने पुसता येत नाही, हे मी वाचलं होतं. लगेच कारागिराला फोन लावला.

"आतून, मधून की बाहेरून?" त्याने विचारलं.

बोट फिरवून पाहिलं. आतली बाजू कोरडी. बाहेर जाऊन फिरवलं तर बोट ओलं. साधं दव होतं.

"मग उत्तम," तो म्हणाला. "घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती रात्री गार पडली आणि दव धरलं. तासाभरात जाईल."

मी आत येऊन हे आईला सांगत होतो, तेवढ्यात धाकटी काचेवर आतून बोटाने काही लिहायला गेली. उमटेना. तिने दोनदा हात पुसून पाहिला, मग चपला अडकवून बाहेर पळाली. मोठ्या अक्षरांत 'आजी' लिहिलं आणि नाक काचेला लावून उभी राहिली. खुर्चीतून आईला ते उलटं दिसत होतं. मान तिरकी करून ती बराच वेळ वाचत बसली.